झिंग्याचा अंगरखा

जालन्याहून संभाजीनगरकडे निघालं की औद्योगिक वसाहतीच्या आसपास ‘फॅमिली गार्डन’ नावाच्या जातीतली हॉटेलं लागतात. हिरव्या कृत्रिम गवताची भिंत, पिवळ्या बल्बांच्या माळा, मधोमध एक बंद पडलेलं कारंजं आणि मुलांसाठी घसरगुंडी. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्री अशाच एका हॉटेलात बसलो होतो. शेजारच्या टेबलावर सहा जणांचं कुटुंब होतं. वडील स्टीलच्या धंद्यातले असावेत, कारण फोनवर एकसारखा सळईचा भाव चालला होता. वेटरनं त्यांच्यासमोर एक लांबट पांढरी प्लेट ठेवली. पत्ताकोबीच्या कातरणावर सात-आठ सोनेरी, वाकडे, खरबरीत तुकडे, प्रत्येकाला मागं लाल शेपटीचा पंखा, आणि मधे वाटीभर लाल सॉस. धाकट्या पोरानं एक उचलला, अर्धा चावला आणि विचारलं, “पप्पा, हे कोणतं चिकन आहे?”

पप्पा म्हणाले, “प्रॉन्स हायेत ते. समुद्रातले. खा.”

आजी टेबलाच्या टोकाला बसली होती. तिनं विचारलं, “म्हंजे झिंगे?” कोणी उत्तर दिलं नाही. सून मेनूकार्ड वाचण्यात गढली. आजीनं पुन्हा काही विचारलं नाही, पण त्या प्लेटीला हातही लावला नाही. मी मात्र तो प्रश्न घरी घेऊन आलो.

जालन्यात कोळंबी नव्यानं आलेली नाही. नवा आहे तो तिचा अंगरखा. आमच्याकडे आठवडी बाजारात किराण्याच्या रांगेच्या शेवटी, जरा बाजूला, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन बसवल्यासारखी सुक्या मासळीची पालं असायची. अजूनही असतात. पोत्याच्या तोंडाशी गुलाबी-करड्या भुशासारखं सुकट, शेजारी काड्यांच्या मोळीसारखे बोंबील, आणि एका टोपलीत थोडे मोठे, सालासकट वाळवलेले झिंगे. किनाऱ्यावरचे लोक जवळा, सुकट, करंदी, अंबाडी, सोडे असे डझनभर भेद करतात. आमच्याकडे बारीक ते सुकट आणि जरा मोठे ते झिंगे, संपला विषय. मापं पावशेराची. बांधून द्यायचं ते वर्तमानपत्राच्या दोन पदरांत, आणि ते पुडकं पिशवीत गुळापासून लांब ठेवायचं.

आई सुकट करायची ती ठरवून, बहुधा पावसाळ्यात. आधी ते सुपात घेऊन पाखडायचं; वाळू, काड्या, शिंपल्यांचे तुकडे बाजूला पडतात. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचं. ह्या टप्प्याला घराच्या खिडक्या लावायच्या की उघडायच्या, ह्यावर दर वेळी वाद. उघडल्या तर गल्लीला कळतं, लावल्या तर आठ दिवस गोधड्यांना कळत राहतं. भाजून झालं की हातानं चुरायचं, मिशा आणि डोकी फुंकून उडवायची, दोनदा गरम पाण्यातून काढायचं. तेलात कांदा, लसूण, काळं तिखट; मग वांग्याच्या फोडी आणि सुकट; शेवटी शेंगदाण्याचं कूट किंवा चमचाभर येसर. ज्वारीची भाकरी. बारा माणसांच्या घराला पावशेर सुकट दोन जेवणं पुरायचं. ताटात समुद्र किती होता हे सांगता यायचं नाही, पण वास समुद्राचाच होता.

त्या वासात गरिबी होती, जात होती आणि शेजाऱ्यांची नाकं होती. जालना हे जैनांच्या गुरू गणेश तपोधामचं गाव, मारवाडी-गुजराती पेढ्यांचं गाव, आणि समर्थांचं जांबही ह्याच जिल्ह्यातलं. इथं सुकट खाणारी घरं पुष्कळ. “आम्ही सुकट खातो” असं चारचौघांत सांगणारी कमी. बोकडाचं मटण ही सांगायची गोष्ट, सुकट ही लपवायची. आता त्याच प्राण्याचा मोठा भाऊ तीन-साडेतीनशे रुपये प्लेट ह्या भावानं गार्डन हॉटेलात बसतो, लोक त्याचे फोटो काढतात, आणि त्याला वास येत नाही. वास न येणं हीच इथं त्याची सगळ्यात मोठी चव आहे, असं मला वाटू लागलंय.

माझी सासुरवाडी उरणजवळची, करंजा भागातली. लग्नानंतर पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा सासूबाईंनी कोळंबी साफ करताना मला शेजारी बसवून घेतलं. मराठवाड्यातल्या जावयाला हे दाखवायलाच हवं, असा त्यांचा सूर होता. डोकं पिळून वेगळं, ते टाकायचं नाही, आमटीला. साल पोटाकडून उकलायची, शेपटीचा शेवटचा पेर राहू द्यायचा. मग पाठीवर सुरीची टोकदार रेघ मारून तो काळा दोरा अलगद ओढून काढायचा. त्याला शीर म्हणतात, पण ती रक्ताची शीर नाही, प्राण्याचं आतडं आहे. हळद, मीठ, चिंचेचा कोळ, आलं-लसूण, तिखट. अर्ध्या तासानं तांदळाचं पीठ आणि बारीक रवा एका ताटात मिसळून कोळंबी त्यात नुसती लोळवायची, झटकायची आणि पसरट तव्यावर पळीभर तेलात दोन्हीकडून परतायची. रवा पातळ बसतो, जागोजागी उघडा राहतो, त्यातून कोळंबीचा केशरी रंग डोकावतो. हा रवा कोळंबी झाकायला नव्हता, तिच्यातलं पाणी धरून ठेवायला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, “जास्त शिजवलास तर रबर खाशील.”

तो केशरी रंग कुठून येतो, हे मला फार उशिरा कळलं. कच्ची कोळंबी करडी-निळसर दिसते, कारण तिच्यातलं अ‍ॅस्टाझँथिन हे तांबडं रंगद्रव्य एका प्रथिनात अडकून पडलेलं असतं. उष्णता लागली की प्रथिनाची घडी मोडते आणि तांबडा सुटतो. गोडीचंही तसंच. समुद्रातल्या कोळंबीच्या मांसात ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि ते जिभेला गोड लागतं. खाऱ्या पाण्यात आपल्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून ती ते साठवते. म्हणजे पाणी जितकं खारं, तितकी कोळंबी गोड. गोड्या पाण्यातल्या झिंग्याला तो खटाटोप करावा लागत नाही, म्हणून तो त्या मानानं मचूळ लागतो.

आणि गोड्या पाण्यातला झिंगा आमच्या जिल्ह्यात आहे. हे समुद्रवाल्यांना सांगितलं की ते हसतात. जालन्याची दक्षिण सीमा गोदावरीनं आखलेली आहे. शहागडच्या पुलाखाली उभं राहिलं की अलीकडे अंबड तालुका आणि पलीकडे बीड जिल्हा. इथले भोई मरळ, वाम, कतला, रोहू धरतात, आणि जाळ्याच्या तळाशी बोटभर लांबीचे पारदर्शक झिंगे येतात. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १९७०-८० च्या काळात मॅक्रोब्रॅकियम किस्तनेन्सिस ह्या गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या संप्रेरकांवर बरंच काम झालं. त्या प्रबंधांतला झिंगा आणि शहागडच्या टोपलीतला झिंगा एकाच घराण्यातले. पण ह्याच कुळात एक मोठा झिंगाही आहे, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. गोदावरीच्या नावानंच तो ओळखला जातो, आणि भारतातल्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांत आकारानं त्याचा नंबर दुसरा. त्याचं जगणं मोठं अवघड. मादी नदीत वाढते, पण तिची पिल्लं निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. म्हणून ती पुराच्या दिवसांत अंडी पोटाशी धरून खाली समुद्राकडे सरकते, आणि जरा मोठी झालेली पिल्लं काठाकाठानं चालत-पोहत पुन्हा नदी चढू लागतात.

आता ती पिल्लं शहागडपर्यंत यायची म्हटली तर वाटेत काय काय आहे? मुखाजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटननं १८५२ साली पुरा केलेला बंधारा. मग तेलंगणात पोचमपाडचं धरण. मग नांदेड जिल्ह्यात बाभळी आणि विष्णुपुरी. मग आमच्याच हद्दीच्या आसपास लोणी सावंगी, राजाटाकळी, मंगरूळ, जोगलादेवी हे उच्च पातळीचे बंधारे. आणि शहागडच्याही वर, ह्या वाटेत नसलं तरी नदीचं पाणी अडवणारं, १९७६ साली पुरं झालेलं पैठणचं जायकवाडी. ह्यातलं एकही बांधकाम झिंग्याला विचारून झालेलं नाही, आणि तसं ते होणारही नव्हतं. जायकवाडीच्या पाण्यावर जालना शहर आज तहान भागवतं. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही टँकरच्या रांगा पाहिल्यात, त्यामुळे धरणाविरुद्ध बोलायला माझी जीभ वळत नाही. पण जे संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यातच काढू शकतात, तेवढेच छोटे झिंगे इथं मागं राहतात, हेही खरं. नदीनं आणून द्यायची कोळंबी आम्हाला आता रस्त्यानं आणावी लागते.

ती येते मात्र झकास. २०२२ च्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला, आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जालना जिल्ह्यातून जातो. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. गंमत म्हणजे समुद्राआधी आमच्याकडे बंदर आलं: जवाहरलाल नेहरू बंदराच्या ‘ड्राय पोर्ट’चं भूमिपूजन २०१५ साली जालन्याजवळ झालं. कोरडं बंदर! सुक्या मासळीवर वाढलेल्या जिल्ह्याला ह्याहून नेमकं बंदर कोणी दिलं नसतं.

गार्डन हॉटेलातली कोळंबी बहुधा करंजाच्या बोटीतली नसते. ती तळ्यातली असते. २००९ साली आपल्या सरकारनं वन्नामेई ह्या कोळंबीच्या शेतीला मोठ्या प्रमाणावर परवानगी दिली. ही मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतची. दाटीत वाढते, लवकर वाढते, साच्यातून काढल्यासारखी एकसारखी वाढते. आंध्रच्या किनाऱ्यावरचे शेततळ्यांचे चौकोन बहुतेक तिचेच. २०२३-२४ मध्ये भारतानं ७,१६,००४ टन गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिका. २०२५ च्या ऑगस्ट अखेरीस अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा ही कोळंबी देशातल्या देशात कशी खपवायची ह्याची चर्चा धंद्यात जोरात सुरू झाली. देशातल्या देशात म्हणजे कोण? मुंबई-कोलकात्याला कोळंबी शिकवायची गरज नाही. शिकवायचं आहे ते जालन्याला, लातूरला, अकोल्याला. आणि ज्याला कोळंबी शिकवायची, त्याला ती कोळंबीसारखी दिसता कामा नये.

हॉटेलचा स्वयंपाकी नेपाळचा. मालकाच्या परवानगीनं मी दुपारच्या निवांत वेळी आत गेलो. त्यानं डीप फ्रीझरमधून बर्फाची वीट काढली. तिच्यात सोललेली, दोरा काढलेली, फक्त शेपटी ठेवलेली कोळंबी गोठलेली होती. पाकिटावर आकड्याची जोडी, ३१/४०. म्हणजे पौंडाला एकतीस ते चाळीस नग. वीट नळाच्या पाण्याखाली सुटू लागली तेव्हा बर्फ किती आणि माल किती हे कळलं. बर्फाचं हे आवरण माल सुकू नये म्हणून देतात. वजनही भरतं, हे ओघानं आलं. मग तीन ताटल्या. पहिलीत मैदा-कॉर्नफ्लॉवर, दुसरीत अंड्याचं पातळ मिश्रण, तिसरीत पावाचा चुरा. कोळंबी कोरडी पुसून पहिल्या ताटलीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यानं ती पुन्हा दुसरीत बुडवली आणि पुन्हा तिसरीत. मी विचारलं, “दो बार?” तो हसला. “साइज आता है.”

ह्या तिसऱ्या ताटलीचा प्रवास मोठा आहे. जपानमध्ये सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून पिठात बुडवून तळायची रीत गेली आणि तिचं तेंपुरा झालं; पुढे पावाचा जाडसर, टोकदार चुरा लावलेला एबी फुराई आला. त्याच पोर्तुगीजांनी गोव्यात रिसॉइश ठेवून दिलं: कोळंबीचं सारण भरलेली अर्धचंद्राकृती पारी, अंड्यात बुडवून, चुऱ्यात घोळवून तळलेली. कोलकात्याच्या जुन्या केबिन-हॉटेलांत चिंगडी कटलेट त्याच चुऱ्यात तळतात. जिथं पाव भाजला जातो, तिथं शिळा पाव उरतो, आणि शिळ्या पावाला मान मिळवून द्यायचा तर तो कशाला तरी चिकटवावा लागतो. जालन्यात पाव आला तो वडापाव आणि दाबेलीबरोबर, म्हणून हा चुरा आमच्याकडे पाकिटातून येतो.

कढईतलं तेल १७०-१८० अंशांच्या आसपास असलं की कोळंबी आत जाताच सळसळ होते. तो आवाज तेलाचा नव्हे, पाण्याचा आहे. आवरणातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं, आणि जोवर ते बाहेर येतंय तोवर तेलाला आत फारसा रस्ता मिळत नाही. दीड मिनिटात रंग येतो. बहुतेक तेल आत शिरतं ते नंतर, झाऱ्यावर उचलल्यावर. आवरण गार होऊ लागतं, आतली वाफ विरते, रिकाम्या झालेल्या भोकांत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात जाळीवर निथळणं महत्त्वाचं. कागदावर ढीग करून ठेवली की खालची कोळंबी स्वतःच्याच वाफेत भिजते. तेल पुरेसं तापलेलं नसेल, किंवा एका वेळी वीस नग सोडून ते गार केलं, तर कवच बसायच्या आत तेल बसतं. चव आणि पथ्य ह्यांचं एरवी पटत नाही. इथं मात्र दोघांचा सल्ला एकच आहे.

त्या दिवशी मी एक प्लेट पार्सल घेतली आणि घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. बायकोनं बघितलं आणि काही न बोलता मुलीला दाखवायला बोलावून आणलं. आधी सगळं वजन, मग एकेका नगाचं कवच नखानं सोलून पुन्हा वजन. कवच सहज निघालं, एखाद्या मोज्यासारखं. आतली कोळंबी उघडी पडली तेव्हा करंगळीएवढीच होती. काट्यावर ती सगळी मिळून निम्म्यालाही पोचली नाही. हे घरगुती माप आहे, त्यावर मी कोणाशी भांडणार नाही. पण अमेरिकेत ह्या मापाचा कायदाच आहे. तिथं ‘ब्रेडेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या कच्च्या कोळंबीत निदान ५० टक्के कोळंबी असावी लागते, आणि ‘हलकं आवरण’ म्हणायचं असेल तर ६५ टक्के. म्हणजे अर्धा चुरा हा तिथं कायदेशीर, राजमान्य चुरा आहे.

त्या अर्ध्या चुऱ्यानं काय होतं ते अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात सरळ दिसतं. नुसती वाफवलेली कोळंबी १०० ग्रॅम घेतली तर सुमारे १०० उष्मांक, २१ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम एक ग्रॅम चरबी. इतकं स्वच्छ मांस क्वचितच मिळतं. तीच घरी आवरण लावून तळली तर २४२ उष्मांक, १२ ग्रॅम चरबी. प्रथिनं मात्र जवळपास तेवढीच. आणि झटपट खाण्याच्या दुकानातली तळलेली घेतली तर उष्मांक २७५ च्या घरात जातात, प्रथिनं ११-१२ ग्रॅमवर येतात आणि पिष्टमय भाग २४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हॉटेलात कोळंबी मागवली की वजनी हिशेबानं आपण प्रथिनांच्या दुप्पट मैदा मागवलेला असतो. त्यावर लाल सॉसची साखर आहेच.

कोलेस्टेरॉलची भीती मात्र लोक नको तिथं बाळगतात. आमच्याकडे बायपास झालेला माणूस प्लेट पुढे आली की “झिंग्यात कोलेस्टेरॉल असतं” म्हणून ती सरकवतो आणि बटाट्याच्या वेफर्सची वाटी जवळ ओढतो. १०० ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत कोलेस्टेरॉल पावणेदोनशे-दोनशे मिलिग्रॅम असतं, हे खरं. पण १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम वाफवलेली कोळंबी खाऊ घातली. वाईट म्हणवणारं एलडीएल सात टक्क्यांनी वाढलं, चांगलं म्हणवणारं एचडीएल बारा टक्क्यांनी, आणि ट्रायग्लिसराइड उतरलं. अमेरिकेच्या आहारसूत्रांनीही २०१५ च्या आवृत्तीतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढून टाकली. शब्द नीट वाचावा: वाफवलेली. तळलेल्या प्लेटीत संशयित कोळंबी नाही, कढई आहे. ज्यांना युरिक आम्लामुळे होणाऱ्या संधिवाताचा त्रास आहे त्यांनी जपावं, आणि ज्यांना कवचधारी प्राण्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर एक घासही घेऊ नये. ट्रोपोमायोसिन हे त्या अ‍ॅलर्जीचं मुख्य कारण तळून नाहीसं होत नाही. समुद्रापासून लांबच्या माणसाला आपल्याला ही अ‍ॅलर्जी आहे हे पहिल्या प्लेटीपर्यंत ठाऊकच नसतं, ही आमची खास अडचण.

कढईचा प्रश्न निघालाच आहे तर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून, तळून तळून ज्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले असं तेल वापरता येत नाही. ते मोजायचं यंत्र थर्मामीटरसारखं तेलात बुडवायचं असतं. मी जिल्ह्यातल्या जेवढ्या मुदपाकखान्यांत डोकावलो, त्यांत मला ते दिसलं नाही. दिसली ती अनुभवी नाकं. काळसर झालेलं, फेस धरणारं, जडावलेलं तेल अनुभवी स्वयंपाकी ओळखतोही, पण ते ओतायचा निर्णय त्याचा नसतो, मालकाचा असतो. दुसरा नियम मेनूवर उष्मांक छापण्याचा. तो दहा किंवा त्याहून जास्त शाखा असणाऱ्या साखळ्यांना लागू आहे. आमच्या गार्डन हॉटेलची शाखा एकच, त्यामुळे तिथं भाव तेवढा छापतात. आणि तिसरी, कुठल्याच फलकावर नसलेली गोष्ट: दुपारी मी उभा असताना ज्या कढईत कोळंबी तळली गेली, तिच्यात त्याआधी व्हेज मंच्युरियनचे गोळे तळले गेले होते. तपोधामच्या गावात हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो, पण लिहायला हवं.

मग राहतं सुकट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात, डॉ. गोपालन यांच्या त्या पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पुस्तकात, बारीक सुक्या कोळंबीची एक ओळ आहे. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ६८ ग्रॅम. कॅल्शियम चार हजार मिलिग्रॅमच्या वर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मग लक्षात आलं, सुकट आपण कवचासकट खातो. हॉटेलची कोळंबी सोलून, तिचं स्वतःचं चुन्याचं कवच कारखान्यात फेकून, वर मैद्याचं चढवून येते. जवळ्याचा बारका जीव अंगच्या कवचासकट वाळूवर वाळतो आणि तसाच आईच्या तव्यावर येतो. १०० ग्रॅम सुकट कोणी एकटा खात नाही. पण बचकभर, १५ ग्रॅम धरलं तरी दहा ग्रॅम प्रथिनं आणि दूध प्यायल्यासारखं कॅल्शियम. कवचातलं सगळंच अंगी लागत नाही, खारवलेला माल असला तर मीठ बेतानं घ्यावं लागतं आणि वाळू पाखडावीच लागते. तरी ज्या घरांत दूध चहापुरतं यायचं, त्या घरांतल्या बायकांच्या हाडांत ह्या पुडक्याचा काही वाटा असणार.

हे सगळं मला ठाऊक असूनही ती प्लेट मला आवडते, हेही सांगून टाकतो. दाताखाली आधी कुर्रकन मोडणारं आणि लगेच आत लवचिक, गोडसर असं दुसरं काही आमच्या खाण्यात नाही. भजी आहे, पण भज्याच्या पोटात कांदा. तो लवतो, पण उसळत नाही. आणि हातात धरायला शेपटीचा पंखा, म्हणजे चमचा नको, हात बरबटत नाहीत, रस्सा सांडत नाही, हाड लागत नाही, काटा टोचत नाही. माशाच्या काट्याला भिणारा मराठवाडी माणूस त्या शेपटीवर विश्वास टाकतो. समुद्राची ओळख करून घ्यायची तर एवढा आडपडदा चालायचाच. सासूबाईंना हे एकदा बोललो, तर त्या म्हणाल्या, “पडद्याआड ताजी की शिळी, ते कसं कळणार रे तुला?” ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उघडी कोळंबी डोळ्यांनी पारखता येते: पाठीवर काळे डाग पडले का, अंग लिबलिबीत झालं का, नाकाला अमोनिया लागतो का. चुऱ्याआड ह्यातलं काहीच चालत नाही. तिथं फक्त चावल्यावर कळतं, आणि तोवर बिल लागलेलं असतं.

वजनकाट्याचा उद्योग आटोपला तेव्हा ओट्यावर दोन ढीग होते. एका वाटीत सोललेली कोळंबी, दुसऱ्या ताटलीत सोनेरी टरफलं. आई देवापुढचा दिवा लावून आत आली. तिनं आधी टरफलं हातात घेऊन बघितली, एक तुकडा खाल्ला, म्हणाली, “शेव बरी ह्यापेक्षा.” मग वाटी नाकाशी नेली.

“हे झिंगेच ना?”

“हो.”

“ह्याला काही वासच नाही रे. झिंगा कशावरून म्हणायचं?”

मी तिला तळी, तलाव, वन्नामेई वगैरे सांगायला लागलो. ती ऐकत होती असं नाही. तिनं टोपलीतून दोन वांगी काढली, विळी पुढे ओढली आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्या. कढईत तेल, लसूण, काळं तिखट. कोळंबी तशीच आत गेली. मग तिनं फळीवरचा जुना बोर्नव्हिटाचा डबा उतरवला, ज्यात गेली कित्येक वर्षं बोर्नव्हिटा नाही, आणि त्यातली चिमूटभर सुकट तव्यावर भाजायला घेतली. घरभर वास सुटला. मुलगी नाक दाबून गच्चीवर पळाली. आईनं ती सुकट चुरून वांग्यांवर भुरभुरली, झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, “आता खिडकी उघड.”